हार घेऊन आलेली मुलगी

मागच्या महिन्यात पुतणी दोन दिवस राहायला आली होती. आल्या आल्या तिनं राजीव गांधींच्या हत्येवरची एक वेबमालिका लावली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवलीसुद्धा. रात्री जेवताना म्हणाली, "काका, पण त्या धनूला काय मिळालं? ती तर मरणारच होती ना?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. शांतिसेनेच्या जवानांनी तिच्यावर अत्याचार केले, तिच्या भावांना मारलं, म्हणून तिनं सूड घेतला. गेली तीसेक वर्षं ही गोष्ट मी अशीच सांगत आलोय, कुणी विचारलं तर आणि न विचारलं तरीही. पुतणीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "मग तिनं आधी व्ही. पी. सिंगांच्या सभेत हार घालायची प्रॅक्टिस का केली? त्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं?"

मी आमटी वाढून घेतली. दुसरं काही सुचलं नाही.

खरंच, ७ मे १९९१ ला मद्रासमध्ये व्ही. पी. सिंगांची सभा होती. धनू आणि तिची जोडीदार शुभा त्या सभेला गेल्या आणि एवढ्या मोठ्या पुढाऱ्यापर्यंत हार घेऊन पोचता येतं का, हे पाहून आल्या. दोन आठवड्यांनी, २१ मे च्या रात्री, श्रीपेरुंबुदूरला जे घडलं त्याची ही रंगीत तालीम. आता गंमत बघा. शांतिसेनेचे शेवटचे जवान मार्च १९९० मध्ये श्रीलंकेतून परतले तेव्हा पंतप्रधान होते व्ही. पी. सिंग. म्हणजे जाफन्यातल्या मुलीला त्यांच्याबद्दल राग असायचं काही कारणच नव्हतं. तरी तालमीला ते चालले. सूडानं पेटलेल्या बाईच्या गोष्टीत हा प्रसंग काही केल्या बसत नाही. मला तो माहीत होता, वाचलेला होता, आणि तरी इतकी वर्षं मी तो बाजूला ठेवून गोष्ट सांगत होतो.

त्याचं कारणही मला आता कळतं. १९९१ च्या मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं आजोळी होतो. २२ तारखेला पहाटे मामानं रेडिओ मोठा केला आणि ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या. पुढचे कित्येक दिवस घरात एकच प्रश्न : एक तरुण मुलगी असं करूच कशी शकते? मग कुठूनतरी ती सूडाची गोष्ट आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. गोष्ट कळण्यासारखी होती. आपल्याला पुराणापासून सिनेमापर्यंत सवय त्याच गोष्टीची. तिनं धनूला जरा माणसात आणलं, आणि त्यामागे बसून हिशेब करणाऱ्यांना अलगद चित्राबाहेर ठेवलं.

तर पुतणी गेल्यावर मी पुन्हा वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. पुतणीनं हे वाचावंच, आणि ज्या ज्या नातेवाइकांना मी ती गोष्ट सांगितली आहे त्यांनीही.

सुरुवात थोडी मागून करतो. श्रीलंकेत १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की त्याच जागेसाठी तमिळ मुलांना सिंहली मुलांपेक्षा जास्त मार्क लागू लागले. ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना हा घाव किती खोल गेला असेल हे सांगायला नको. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, जवळजवळ लाखभर पुस्तकं आणि हस्तलिखितं त्यात गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची कत्तल झाली. अन्याय खरा होता. पुढचं सगळं वाचताना हे विसरायचं नाही.

मरणाची तयारी तर त्याच्याही आधीपासून दिसते. ५ जून १९७४ ला शिवकुमारन नावाच्या विद्यार्थ्यानं पोलिसांच्या हाती पडण्याऐवजी सायनाइड खाल्लं. पुढे प्रभाकरनच्या 'लिट्टे'त प्रत्येक लढवय्याच्या गळ्यात सायनाइडची कुपी आली. तमिळमध्येही तिला 'कुप्पी'च म्हणतात. अत्तराची कुपी म्हणताना आपण जो शब्द वापरतो तोच. गळ्यात रोज मरण घालून जेवणखाण, कवायत, झोप, सगळं करायचं. पुढची पायरी त्यामानानं लहान होती.

ती पायरी ५ जुलै १९८७ ला ओलांडली गेली. 'कॅप्टन मिलर' या नावानं ओळखला जाणारा वसंतन स्फोटकांनी भरलेला ट्रक घेऊन नेल्लियडीच्या शाळेत घुसला. तेव्हा शाळेत सैन्याचा तळ होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरुतमध्ये असाच ट्रक घुसवून २४१ अमेरिकी सैनिक मारले गेले होते आणि त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेनं तिथून पाय काढला, हे साऱ्या जगानं पाहिलं होतं. मिलरपासून 'करुंपुलिगळ', म्हणजे काळे वाघ, हे वेगळं पथकच तयार झालं. ५ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन झाला. युद्ध संपेपर्यंत तीनशेहून अधिक काळे वाघ मेले, त्यांत मुलींची संख्या बरीच मोठी.

त्यांना स्वर्गाचं आमिष नव्हतं. ही बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे आत्मघातकी हल्ला म्हटलं की लोक लगेच धर्माकडे बोट दाखवतात. लिट्टेत हिंदू होते, ख्रिश्चन होते, आणि संघटना स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवत होती. त्यांनी मरणाऱ्याला दिलं ते दुसरंच काहीतरी : शब्द, फोटो आणि दगड.

शब्द आधी बघू. तमिळमध्ये आत्महत्येला 'तर्कोलै' म्हणतात. 'कोलै' म्हणजे हत्या. लिट्टेनं तो शब्द बाजूला सारून 'तर्कोडै' हा शब्द रूढ केला. 'कोडै' म्हणजे दान. एका अक्षराचा फरक, आणि हत्येचं दान झालं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत आत्महत्या आणि आत्मार्पण हे दोन शब्द आपण वेगळे ठेवतोच, आणि 'हुतात्मा' म्हटलं की आपलीही मान आपोआप खाली होते. आपल्या हुतात्मा चौकातल्या लोकांनी गोळ्या झेलल्या, झाडल्या नाहीत, एवढा मोठा फरक त्या शब्दाच्या पोटात आहे. पण शब्द तो फरक बोलून दाखवत नाही. तमिळ आईवडिलांच्या कानांवर 'दान' पडत होतं तेव्हा त्यांनाही समोर कोण मरणार हे त्या शब्दात ऐकू येत नव्हतं.

मग फोटो. काळ्या वाघांत जाण्यासाठी अर्ज करावा लागे, थेट प्रभाकरनला पत्र लिहून. अर्ज केला की लगेच नंबर लागतो असंही नाही. वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. निवड झाली की मोहिमेआधी प्रभाकरनबरोबर शेवटचं जेवण आणि फोटो. ज्यांची नावं जाहीर करता येत त्यांचे हार घातलेले फोटो दर ५ जुलैला आणि २७ नोव्हेंबरच्या 'मावीरर' दिवशी लागत. मेलेल्या लढवय्यांसाठी 'तुयिलुम इल्लम' होती. अर्थ निद्रागृह. रांगेत एकसारखे दगड, नोव्हेंबरमध्ये दिवे, आणि आपापल्या दगडापाशी बसलेली कुटुंबं. ज्या समाजात रोज कुणीतरी बेनाम मरत होतं, तिथे मरणाला नाव, तारीख आणि जागा मिळत होती.

२००७ मध्ये एका नॉर्वेजियन दिग्दर्शिकेनं दोन काळ्या वाघिणींवर माहितीपट केला. दोघी विशीतल्या, सात वर्षं सावलीसारख्या एकत्र. त्यांतल्या एकीला लहानपणी नन व्हायचं होतं. वडील युद्धात गेले, घर सुटलं, मग ती लिट्टेत गेली. तिची आई कॅमेऱ्यासमोर मुलीबद्दल बोलते ते ऐकवत नाही. त्या दोघी वेड्या वाटत नाहीत, क्रूरही वाटत नाहीत. हॉस्टेलमधल्या रूममेट असाव्यात तशा वाटतात. एकीला मरण्याआधी दुसरीची काळजी. वसतिगृहात, कॅम्पमध्ये, पलटणीत राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. शेवटी माणूस ध्येयासाठी मरायला तयार होतो त्याहून जास्त वेळा शेजारच्याला तोंड दाखवता यावं म्हणून तयार होतो, असं माझं मत झालंय.

मग लक्ष्य? इथे मात्र या मुलींचं काही चालत नाही. लक्ष्य वर ठरतं. माझ्या जुन्या गोष्टीत हीच गाठ सुटत नव्हती. मरण्यामागचं कारण एका माणसाचं असतं आणि मारण्यामागचं कारण दुसऱ्याचं, आणि आपण दोन्ही एकाच देहात शोधत बसतो, कारण स्फोटानंतर समोर तोच देह असतो.

राजीव गांधींचंच घ्या. शांतिसेनेबद्दलचा राग खराच होता आणि सकारणही. ऑक्टोबर १९८७ मध्ये, ऐन दिवाळीत, भारतीय जवानांनी जाफन्याच्या हॉस्पिटलात गोळीबार केला आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठाहून अधिक माणसं मेली. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाही. त्याच लढाईत आपलेही सुमारे १,२०० जवान गेले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते मुंबईत जन्मलेले, मुंबईत शिकलेले तमिळ. मुंबईचा तमिळ माणूस महार रेजिमेंटच्या जवानांबरोबर जाफन्याच्या तमिळ पोरांशी लढताना मेला, ही त्या युद्धाची सगळी गुंतागुंत एका ओळीत आली.

पण राग १९८७ पासून होता आणि खून १९९१ मध्ये झाला. राजीव सत्तेत असताना झाला नाही, शांतिसेना जाफन्यात होती तेव्हा झाला नाही. ते विरोधी पक्षात होते, निवडणूक चालू होती, आणि ते परत पंतप्रधान होण्याची शक्यता दिसत होती. ते आले तर भारतीय सैन्यही परत येईल, ही लिट्टेच्या नेतृत्वाची भीती होती. रागाला तारीख नसते, हिशेबाला असते. श्रीपेरुंबुदूरची तारीख मला तरी हिशेबाची वाटते. धनूच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबर गेलं. तिच्या मनातल्या दुःखाचा उपयोग कुठल्या दिवशी, कुणावर करायचा, हे तिनं ठरवलं नव्हतं. व्ही. पी. सिंगांच्या सभेतली ती तालीम हेच सांगते.

प्रेमदासांची कथा तर याहून विलक्षण. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याच माणसानं भारतीय सैन्यानं चालतं व्हावं असा हट्ट धरला, आणि त्या काळात लिट्टेला हत्यारंसुद्धा पुरवली. शत्रूचा शत्रू म्हणून. १ मे १९९३ ला कोलंबोत मे दिनाच्या मिरवणुकीत बाबू नावाचा तरुण सायकलवरून त्यांच्याजवळ आला आणि स्फोट झाला. बाबू त्यांच्या घरच्या माणसांत बराच काळ मिसळलेला होता, खासगी नोकराशी त्यानं दोस्ती केली होती. इतके महिने ज्यांच्याशी रोज हसायचं, बोलायचं, त्यांच्यातच तो फुटला. सूड म्हणावा तर कसला?

आणि नीलन तिरुचेल्वम. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून जरा थांबतो. कोलंबोतले तमिळ कायदेपंडित, खासदार, हार्वर्डमध्ये शिकलेले. चंद्रिका कुमारतुंगांच्या काळात तमिळ भागांना अधिकार देणारी जी घटनादुरुस्ती तयार होत होती, तिच्या मसुद्यामागच्या प्रमुख डोक्यांपैकी एक. २९ जुलै १९९९ ला सकाळी ऑफिसला जाताना चौकात त्यांच्या गाडीवर एका आत्मघातकी हल्लेखोरानं स्वतःला झोकून दिलं. बारा वर्षांपूर्वी बरोबर याच तारखेला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला होता. तिरुचेल्वम यांनी कुणावर बंदूक उगारली नव्हती. त्यांचा गुन्हा एवढाच की वेगळ्या राष्ट्राशिवायही तमिळांना काही मिळू शकतं, हे ते कागदावर मांडून दाखवत होते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला चंद्रिकाबाईंवर हल्ला झाला. त्या वाचल्या, उजवा डोळा गेला.

मोठ्या स्फोटांमागेही असाच हिशेब दिसतो. डिसेंबर १९९५ मध्ये सैन्यानं जाफना घेतलं आणि ३१ जानेवारी १९९६ ला कोलंबोच्या सेंट्रल बँकेत ट्रक घुसवला गेला. ९१ माणसं मेली, बहुतेक टेबलापाशी बसलेले कर्मचारी आणि रस्त्यावरचे लोक. रणांगणावर गमावलेलं राजधानीत वसूल केलं. उलट २४ जुलै २००१ ला कटुनायके विमानतळावर चौदा जण मरायला आले, त्यांनी विमानं जाळली, पण प्रवासी मारले नाहीत. युरोपातल्या सरकारांशी बोलायचं होतं, आणि सात महिन्यांत शस्त्रसंधी झालाही. म्हणजे कधी किती माणसं मारायची, कधी एकही प्रवासी मारायचा नाही, हे सगळं मोजून.

रॉबर्ट पेप या अमेरिकी प्राध्यापकानं १९८० ते २००३ या काळातले ३१५ आत्मघातकी हल्ले जमवले. त्यांत सर्वाधिक, ७६, लिट्टेचे. त्याचा निष्कर्ष असा की या हल्ल्यांचा धर्माशी संबंध कमी, आपल्या भूमीवरून परकं सैन्य हटवण्याशी जास्त. मला तो बऱ्याच अंशी पटतो. पण तिरुचेल्वम त्यात बसत नाहीत. ते कुठल्या परक्या सैन्याचे होते? आणि २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला त्याच श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलं उडवणारे तर अजिबातच बसत नाहीत. त्यांतले दोघे कोलंबोतल्या श्रीमंत मसाला व्यापाऱ्याचे मुलगे. त्यांच्या घरावर कुणी बॉम्ब टाकला नव्हता, त्यांची जमीन कुणी घेतली नव्हती. तिथे धर्माचा संबंध नाही म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. त्या दिवशी निगोंबो आणि बट्टिकलोआत मेलेल्यांत तमिळ ख्रिश्चन कितीतरी होते. एका किल्लीनं सगळी कुलुपं उघडत नाहीत. असो.

लिट्टेचा हिशेब तरी बरोबर होता का? राजीव गांधींच्या हत्येनंतर तमिळनाडूत त्यांच्यासाठी उघडी असलेली दारं बंद झाली, मे १९९२ मध्ये भारतानं बंदी घातली. एप्रिल २००२ मध्ये किलिनोच्चीला जगभरच्या पत्रकारांसमोर प्रभाकरनला या हत्येबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यानं ती दुःखद घटना म्हणून विषय गुंडाळला. मे २००९ मध्ये मुल्लिवायक्कालच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर सगळं संपलं, हजारो सामान्य तमिळांसकट. सैन्यानं निद्रागृहांवर बुलडोझर फिरवले, ज्या दगडांसाठी मुलं मेली ते दगडसुद्धा राहिले नाहीत.

धनूला तर दगडाचं वचनही पुरं मिळालं नव्हतं. राजीव गांधींना आम्ही मारलं असं लिट्टेनं कधी कबूल केलं नाही. त्यामुळे ५ जुलैला तिचा फोटो नाही, गाणं नाही. नेल्लियडीत सैन्याच्या तळावर गेलेल्या मिलरचा पुतळा उभारला गेला, पण सगळ्या जगाला माहीत असलेली काळी वाघीण संघटनेच्या कागदांवर जणू नव्हतीच. लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं लाजिरवाणं, तितकी मरणाऱ्याची ओळख पुसलेली. "तिला काय मिळालं?" या पुतणीच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे.

गेल्या रविवारी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, थांब, मी तो फोटो काढते. श्रीपेरुंबुदूरला कटवाल्यांनी स्वतःच एक फोटोग्राफर आणला होता, हरिबाबू. स्फोटात तो गेला, कॅमेरा मात्र शाबूत राहिला, आणि त्यातल्या दहा फोटोंवरूनच पुढचा सगळा तपास उभा राहिला. त्यांतल्या एका फोटोत केसांत फुलं माळलेली, सलवार-कमीज घातलेली धनू हातात चंदनाचा हार घेऊन उभी आहे.

"तिच्या शेजारी या मायलेकी कोण आहेत?" पुतणीनं विचारलं.

मी म्हटलं, आई काँग्रेसची कार्यकर्ती. मुलगी राजीव गांधींना कविता म्हणून दाखवायला आली होती.

"दाखवली का?"

"हो. धनूच्या आधी तिचाच नंबर होता."

"मग?"

"दोघीही गेल्या."